चित्रात नसलेली उमाय-आई

उमसुनाय एजेचं, उमसुनाय ताईचं म्हणा हवं तर, पहिलं मूल पाळण्यात घालायच्या आधीच गेलं. दुसरं चालायला लागलं आणि घटसर्पानं गेलं. तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याचं नाव तोक्तोसुन ठेवलं. तोक्तोसुन म्हणजे ‘थांबू दे याला’. आमच्याकडे हे नाव कानावर पडलं की त्या घरात आधी काय होऊन गेलंय ते कुणी विचारत नाही.

हा थांबला. वाढला, आईपेक्षा वीतभर उंच झाला. नवरा मात्र थांबला नाही, तो ओश शहरात जाऊन दुसरा संसार मांडून बसला. एजेनं रेडिओच्या वाद्यवृंदात क्याक वाजवून पोराला वाढवलं. क्याक हे आमचं जुनं वाद्य. पळीसारखं कोरलेलं लाकूड, घोड्याच्या केसांच्या दोन तारा आणि एक गज. त्याचा आवाज गोड नाही, जरा घोगरा आणि कापरा आहे. व्हायोलिनवाले तिला चिडवायचे, “एजे, तुमचा घोडा आज पुन्हा खोकतोय.”

ती म्हणायची, “खोकतोय म्हणजे जिवंत आहे. तुमचं मांजर कधीच मेलं, नुसती त्याच्या आतड्यांची तार वाजवताय.”

मी दामिरा. तेव्हा आमच्या किर्गिझ राजधानीत, फ्रुंझेत, एका कार्टूनच्या स्टुडिओत ध्वनिसंकलनाला होते. आवाजाच्या पट्ट्या कापायच्या, जोडायच्या, चित्राशी जुळवायच्या, हे माझं काम. संगीत द्यायला मेलिस बायके होते; बायके म्हणजे थोरला भाऊ, मान देऊन म्हणायचं. मेलिस हे नाव मार्क्सपासून चार पुढाऱ्यांची आद्याक्षरं जोडून बापानं ठेवलेलं. त्या वर्षी आम्ही चिनार नावाच्या एका लहान मुलीची गोष्ट करत होतो. तिचा धाकटा भाऊ मेंढरांमागे खिंडीपलीकडे गेलेला असतो आणि हिमवादळात ती त्याला शोधायला निघते. मूळ गोष्टीत उमाय-आई होती. लेकरांना सांभाळणारी देवी, पांढऱ्या कपड्यातली म्हातारी. चित्रपट मंजूर करणाऱ्या समितीनं ती काढून टाकली. “सोव्हिएत मुलांना देवी कशाला?” असं म्हणाले. चित्रकारांनी महिनोन्‌महिने काढलेली म्हातारी कपाटात गेली.

मेलिस मला म्हणाले, “चित्रातून काढली ना? मग सुरात ठेवू. सुराला काय, चेहरा थोडाच असतो!”

“बायके, नावात चार नास्तिक घेऊन फिरता आणि देवी आणताय?”

“त्यांनाच विचारून आणतोय. चौघंही गप्प बसलेत.”

पण ते सूर काही त्यांना सापडेनात. लिहायचे, पियानोवर वाजवायचे, फाडून टाकायचे. “हे चर्चमधलं झालं, हे अंत्ययात्रेतलं, हे तर हवामानाच्या बातम्यांआधी लागतं ते झालं,” असं स्वतःशीच करवादायचे. मग एकदा रेडिओचा वाद्यवृंद वाजवायला आला होता तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या दालनात आमच्या एका चित्रकार बाईची छोकरी तारांत पाय अडकून पडली आणि गुडघा फोडून घेतला. उमसुनाय एजेनं तिला मांडीवर घेतलं, आणि गुडघा चोळत आमच्या बायका जे म्हणतात तेच पुटपुटायला लागली, “माझा हात नव्हे, उमाय-आईचा हात. माझा हात नव्हे, उमाय-आईचा हात.” धड गाणं नाही, धड बोलणं नाही. शेवटच्या शब्दावर आवाज वर जायचा आणि तिथेच सुटायचा, खाली यायचाच नाही.

मेलिस म्हणाले, “एजे, पुन्हा म्हणा. नको, म्हणू नका. वाजवा.”

तिनं वाजवलं. पाच सूर. पाचवा वर जाऊन तसाच लटकत राहायचा.

मग मेलिसनी ते सगळ्या चित्रपटात पेरले. मला त्यांनी समजावून सांगितलं, कारण कापाकापी माझ्या हाती होती. “पहिल्यांदा दोनच सूर, वाऱ्याच्या आवाजाखाली. कुणाला कळताही कामा नये. पुढच्या वेळी तीन. आणि दर वेळी चिनार संकटातून वाचायच्या थोडं आधी. ती वाचल्यावर वाजवलं तर नुसती शाबासकी दिल्यासारखं होईल. आधी वाजलं, म्हणजे कुणीतरी आधीपासूनच तिथं होतं.”

“चिनारला ते ऐकू येतं का?”

“नाही. पाहणाऱ्याला येतं. तिला आलं तर ती घाबरणारच नाही.”

कच्चं रीळ आम्ही स्टुडिओतल्यांच्या मुलांना दाखवलं. लांडगे चिनारच्या मागे लागतात तिथे तीन सूर आले आणि अंधारात एक पोरटं ओरडलं, “आली ती!”

त्याच्या आईनं विचारलं, “कोण आली रे?”

“ती. तिला अंग नाहीये.”

पडद्यावर तर चिनार, लांडगे आणि बर्फ एवढंच होतं. मेलिसनी माझा हात इतका दाबला की दुखला.

त्या शरदात तोक्तोसुनला सैन्यात बोलावलं. आधी सीमेवरच्या तेर्मेझहून पत्रं आली. मग दक्षिणेकडून. दक्षिणेकडून म्हणजे अफगाणिस्तानातून, पण तसं कुणी बोलायचं नाही. वसंतात पत्रं थांबली.

एजे कामावर येतच राहिली. केस विंचरलेले, कपडे नीट, पण जेवायच्या सुट्टीत चहा तसाच गार व्हायचा. मग ती घरी ते पाच सूर वाजवायला लागली. शेजारीण भिंतीवर ठोकायची. एकदा माझ्याच खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, “दामिरा, शेवटचं पत्र आलं ना, त्याच्या आदल्या दिवशी आपण लांडग्यांचा प्रसंग पक्का मुद्रित केला होता.”

“एजे, पत्र टपालानं येतं.”

“मला माहितेय टपालानं येतं. मी वेडी नाहीये. मी फक्त सांगतेय, वाजवलं आणि आलं.”

मी चहा ओतून तिच्यापुढे ठेवला. तोही तसाच गार झाला.

आणि अशात गोठलेल्या तळ्याचा प्रसंग आला. चिनार तळ्याच्या मधोमध उभी आहे, खाली बर्फ तडकतोय, पलीकडच्या काठावरून भावाची हाक येतेय. मेलिसच्या कागदावर क्याकच्या ओळीत तिथे काहीच नव्हतं. सगळा वाद्यवृंद गप्प, नुसता तडकण्याचा आवाज आणि पोरीचा श्वास. पाच सूर पुरे वाजणार होते ते अगदी शेवटी, भाऊ भेटल्यावर.

एजेनं कागद पाहिला. “मेलिस, इथं माझं लिहायचं राहिलंय.”

“राहिलं नाही, एजे. इथं ती येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“दर वेळी आली तर ती देवी कसली, बसच्या कंडक्टरची घंटा झाली. मुलं वाट पाहायला शिकलीत. इथं वाट पाहतील आणि ती येणार नाही. चिनारनं एकटीनं पाय टाकायचा. तरच शेवटी...”

“पोर बर्फावर उभी आहे,” एजे म्हणाली, “आणि तू तिला गप्प बसवतोस?”

मेलिस जरा हसत म्हणाले, “एजे, हे कार्टून आहे.”

मुद्रण सुरू झालं. पडद्यावर चिनार तळ्यावर आली, वाद्यवृंद थांबला, आणि त्या शांततेत क्याक वाजला. मेलिसनी हात वर केला. पुन्हा सुरुवात. पुन्हा वाजला. तिसऱ्या खेपेला मेलिस ओरडले, “खाली ठेवा ते! सगळ्याची माती करताय!” एजेनं गज तसाच तारांवर धरला होता. ती म्हणाली, “मी मुद्दाम नाही करत. हात थांबत नाही.”

त्यांनी तिला घरी पाठवलं आणि तिच्याशिवाय मुद्रण केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या संकलनाच्या खोलीत आली. दार लावलं. म्हणाली, “तुझ्याकडे लांडग्यांच्या वेळचे सूर आहेत, शेवटच्या प्रसंगासाठी मुद्रित केलेले पाच आहेत. त्यातले काप आणि तळ्यावर जोड.”

“बायकेंना विचारल्याशिवाय कसं जोडू?”

मग ती खाली बसली. माझ्या आईच्या वयाची बाई, कापलेल्या पट्ट्यांच्या कचऱ्यात गुडघे टेकून माझ्या पायाला हात लावायला लागली. मी तिला उठवायला वाकले, तर तिनं माझी मनगटं धरली. “एवढंच कर ग. एवढंच. मी दुसरं कुणाकडे मागू? सैन्याच्या कचेरीत गेले, म्हणाले, बातमी नाही हीच चांगली बातमी. मशिदीतल्या म्हाताऱ्याकडे गेले, तो म्हणाला, दुआ करतो, पण हे कुठं मोठ्यानं बोलू नकोस. दामिरा, तो बर्फावर उभा आहे आणि मी वाजवत नाहीये!”

मेलिस दारात कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकलं असावं. तेही तिच्यासमोर खाली बसले, तिच्या स्वेटरला चिकटलेले पट्टीचे तुकडे एकेक काढत राहिले. मग मला म्हणाले, “जोड.”

“पण बायके, सगळा...”

“जोड म्हटलं ना. चित्रपट बिघडला तर बिघडला.”

मी जोडले. तळ्यावर चिनार थांबते, बर्फ तडकतो आणि पाच सूर येतात. सुंदर झालं होतं, खोटं कशाला बोलू. समितीलाही आवडलं. एकानं विचारलं, “ही धून कुणाची?” मेलिस म्हणाले, “वाऱ्याची.” चित्रपट मंजूर होऊन मॉस्कोला गेला, त्याच्या प्रती निघाल्या.

पुढे थोड्याच दिवसांनी तोक्तोसुन आला. जस्ताच्या पेटीत. बरोबर एक अधिकारी आणि दोन शिपाई. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. एजेचं माहेर कोचकोरचं, तिथं नेलं. अंगणात तंबू उभारला. पुरुष दुरूनच हंबरडा फोडत आले, आत बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गायला बसल्या. रीतीनं आईनं पहिला सूर धरायचा. एजेनं धरलाच नाही. तिची वहिनी तिला ढोसत होती, “गा ग, लोक काय म्हणतील, रड तरी.” ती पेटीकडे बघत एकच विचारत होती, “हा तोच कशावरून? पेटीत दुसरंच कुणी असेल. उघडा ना. नुसता हात दाखवा.” अधिकारी तरुण होता, त्याला आमची भाषा येत नव्हती. त्याला कुणी सांगितलंही नाही ती काय म्हणतेय.

पेटी तशीच पुरली.

उन्हाळा संपता संपता ती स्टुडिओत आली. वाळून निम्मी झाली होती. उभ्याउभ्याच म्हणाली, “ते सूर काढ.”

“कुठले, एजे?”

“तळ्यावरचे. बाकीचे राहू देत. तळ्यावर कुणी येत नाही.”

मी सांगितलं की आता हातात काही नाही, प्रती गावोगाव गेल्या, मुलं बघतायत. तिनं माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. “इथं काहीच नाही?”

“कामाची प्रत आहे. ती कुणी बघत नाही.”

“मग तीच काप.”

मी कपाटातून रीळ काढलं, ती जागा शोधली, माझाच सांधा उकलला, पाच सुरांची पट्टी बाहेर काढली. बोटभर लांब नसेल असं वाटायचं मला, चांगली आठ हात निघाली. तिथं कोरी पट्टी जोडली आणि यंत्राच्या लहानशा पडद्यावर लावलं. एजे अगदी जवळ तोंड नेऊन बसली. चिनार तळ्यावर आली. बर्फ तडकला. चिनारनं वर पाहिलं. काहीच वाजलं नाही. मला ठाऊक असूनही मी त्या सुरांची वाट पाहिली. पोरीनं ओठ आवळले आणि पाय टाकला.

“पुन्हा लाव,” एजे म्हणाली.

मी लावत राहिले. संध्याकाळची बस चुकेल म्हणून सांगितलं तरी ती उठेना. रडली नाही. कधीतरी एकदा पडद्यावरच्या त्या पोरीला “जा, जा” म्हणाली, हळूच.

वाद्यवृंदात ती परत गेली नाही. कोचकोरला भावाकडे राहिली. क्याक तिथल्या शाळेला देऊन टाकला. पण दूरदर्शनला त्या चित्रपटाचं वेड लागलं होतं. दर सुट्टीत लागायचा, आणि भावाची नातवंडं पडद्यासमोरून हलायची नाहीत. तेवढा वेळ ती गोठ्यात जाऊन बसायची, असं तिची वहिनी सांगायची.

दोन वर्षांनी मेलिस आणि मी तिला भेटायला गेलो. मेलिसनी तोवर कार्टूनला संगीत देणं सोडलं होतं, कुणी काम घेऊन आलं की नुसते टेबलावर बोटं वाजवत बसायचे. तिनं पोळी, लोणी, चहा सगळं मांडलं. मेंढरांबद्दल बोलली, रस्त्याबद्दल बोलली. निघताना बसथांब्यापर्यंत आली. खिंडीकडून गार वारा येत होता. एकाएकी तिनं विचारलं, “मेलिस, तू तळ्यावर गप्पच ठेवलं असतंस, तर शेवटी ती आल्यावर खरी वाटली असती का?”

मेलिस म्हणाले, “एजे, तेव्हा मला वाटायचं, हो.”

“आणि आता?”

“आता माहीत नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. मग मेलिसच्या कोटाची कॉलर वर करून दिली, बटण लावलं, आणि बस थांबवायला रस्त्यावर पुढे झाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ धरला, डॉक्टरांना बोलवायला तिनं नको म्हटलं, असं भावानं कळवलं. तिला तोक्तोसुनच्या शेजारीच पुरलं आहे. वाटेत खिंड बंद होती, म्हणून आम्हाला पोचायला एक दिवस उशीर झाला, आणि तोवर मातीवर नवा बर्फ पडला होता. मेलिस तिथं टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांना निघूया म्हटलं, पण ते खिंडीकडून येणाऱ्या वाऱ्याकडे कान लावून होते.