एकसष्ट मिलिमीटर पाऊस

राग काळाबरोबर ओसरतो असं शहाणी माणसं सांगतात. त्या शहाण्यांना लिंबाजी सोनकांबळे कधी भेटला नसावा. या माणसाने शेषेराव अव्वल कारकुनावरचा राग दहा वर्षं जपला, त्याला रोज चारापाणी केलं, आणि वेळ आली तेव्हा दावं सोडून मोकळा केला. त्याने असं करायला नको होतं, म्हणणारे म्हणतात. म्हणोत बापडे.

बाहत्तर साली लिंबाजी सीमेकडच्या एका तहसील कचेरीत शिपाई होता. कचेरीच्या मागे तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं यंत्र होतं. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, काचेच्या मापात पाणी ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. लिंबाजीचा बाप गावकीची पडतील ती कामं करत आला होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याने ती सोडली आणि पोराला सातवीपर्यंत रेटलं. त्या पोराची सही आता रोज सरकारी वहीत पडत होती. कपबशा विसळणं, फायली वाहणं हे लिंबाजी करायचा, पण पावसाच्या वहीपुढे बसला की पाठ सरळ करायचा.

त्या साली पाऊसच नव्हता. जून कोरडा, जुलै कोरडा. लिंबाजी रोज बाटली उलटी करून बघायचा आणि 'निरंक' लिहायचा. मग गावाला चेष्टेला विषयच मिळाला. कचेरीसमोरचा हॉटेलवाला शंकरप्पा चहा पुढे सरकवत म्हणायचा, "लिंबाजी, टोपण काढायला इसरून राहिलास काय रे? पाऊस वरच थांबलाय बघ." घरी पारूबाईसुद्धा सोडायची नाही. "रोज शून्य लिवायचा पगार घेताव की तुमी! मला द्या ती वही, मी चुलीपाशी बसून लिवते." लिंबाजी हसायचा. दुष्काळात हसायला दुसरं होतंच काय?

जुलैच्या अखेरीस एका रिकाम्या दुपारी शेषेरावांनी या चेष्टेवर कळस चढवला. शेषेराव म्हणजे कचेरीतलं मोठं प्रस्थ. गावाकडे काळीभोर जमीन, अंगात परीटघडीचे कपडे, आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायची जन्मजात हातोटी. त्यांनी खुलासा मागण्याचा छापील सरकारी कागद काढला, त्यात लिंबाजीचं नाव भरलं, 'पर्जन्यमापकाच्या कामात कसूर' एवढं लिहिलं, वर जावक क्रमांक टाकला आणि कचेरीचा गोल शिक्काही हाणला. मग उभं राहून सगळ्यांसमोर वाचायला लागले. कागदावर एक ओळ होती, बाकीचं तोंडचं. "सदर शिपायाने दोन महिने पाऊस पाडण्यात हयगय केली असून, सर्व ढग तेलंगणात पळून जाईतो हा झोपून होता! आरोप मान्य हाय का?" कारकून पोट धरून हसत होते. लिंबाजीलाही हसू आवरेना. त्याने पेन घेतलं, खाली 'कसूर झाली, माफी असावी' असं झोकात लिहिलं आणि ठसठशीत सही केली. कागद शेषेरावांच्या टेबलाच्या खणात गेला. खोटा आरोप असला तरी कागद खरा होता, हे त्या दुपारी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये शेषेराव घरच्यांना घेऊन माहूरला देवीच्या दर्शनाला निघाले. दर आठवड्याला जिल्ह्याला पावसाचा तक्ता पाठवायचं काम त्यांचं. लिंबाजीच्या वहीवरून आकडे उतरवायचे, बस्स. पण निघायची घाई. त्यांनी मागच्या सालचा ऑगस्टचा तक्ता समोर ठेवला, आकडे जसेच्या तसे नकलून काढले, तारीख बदलली आणि टपालात टाकून दिले. आठवड्याचा पाऊस, एकसष्ट मिलिमीटर.

जिल्ह्याच्या साहेबांनी तक्ता वाचला आणि खूश झाले. पाऊस झाला, पेरण्या होतील, मजूर शेतात लागतील. तालुक्यातली खडी फोडायची दोन दुष्काळी कामं त्यांनी बंद करायला लावली. आठशे माणसं एका सकाळी हातोडे खाली ठेवून घरी गेली. तिथे पोटाला मिळायची ती सुकडीही बंद झाली. काम का बंद झालं असं विचारलं तर मुकादम म्हणायचा, "कचेरीतनं पाऊस लिवून आलाय." आणि पाऊस कोण लिहितं, हे तर सगळ्या तालुक्याला माहीत होतं. दोन महिने त्यावरच तर हसत होते ना सगळे!

लिंबाजीची थोरली बहीण कोंडाबाई त्याच कामावर होती. विधवा बाई, पदरी सिंधु नावाची मुलगी. काम बंद पडल्यावर आठव्या दिवशी ती चार कोस चालत भावाच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिने विचारलं, "पाऊस तू लिवलास व्हय रे?"

"न्हाई गं आक्का! मी शून्यच लिवलंय. शपथ घेतो."

"मग कोन लिवलं? वही तुझी, सही तुझी. समदं गाव तोंडावर थुकून राहिलंय माझ्या."

पारूबाईने भाकरी बांधून दिली, ती तिने घेतली नाही. सिंधुला दिराकडे ठेवून ती बायकांच्या घोळक्याबरोबर काम शोधायला तेलंगणाकडे निघाली. देगलूरच्या पुढे तिला हगवण लागली. बरोबरच्या बायकांनी रस्त्याकडेलाच तिला माती दिली आणि महिन्याने येऊन सांगितलं.

चौकशी झाली. जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्याने वही उघडली, तर पानोपान निरंक. लिंबाजीला वाटलं, सुटलो. तेवढ्यात शेषेरावांनी खण उघडला आणि तो छापील कागद पुढे सरकवला. जावक क्रमांक, शिक्का, आणि खाली जुलैतच कसूर केल्याची लिंबाजीच्या हातची कबुली.

"साहेब, ती चेष्टा होती," लिंबाजी म्हणाला.

"सरकारी कागदावर कोण चेष्टा करतं?" शेषेराव शांतपणे म्हणाले. बाकीचे कारकून, जे त्या दुपारी पोट धरून हसले होते, ते सगळे खाली बघत राहिले. वही मागाहून भरली असा निष्कर्ष निघाला. आकडे शिपायानेच तोंडी दिले असं शेषेरावांनी सांगितलं आणि ते खरं धरलं गेलं. लिंबाजीच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने 'कर्तव्यात कसूर' असा शेरा पडला, वही काढून घेतली गेली, आणि बदली झाली उस्मानाबादला, जुन्या कागदांचे बस्ते वाहायला.

तिथे त्याने दहा वर्षं धूळ खाल्ली. वरच्या फळीवरचे बस्ते उतरवताना त्याला रोज एकच गोष्ट आठवायची. बहिणीचं मरण नव्हे, तिचं विचारणं. आपण खोटारडे आहोत असं समजून ती मेली, आणि तसं समजायला लावणारा माणूस नायब तहसीलदार होऊन पान खात हिंडत होता. लिंबाजीला त्याचं वाईट व्हायला हवं होतं. तेही दुखण्याने किंवा अपघाताने नाही, आपल्याच हातून.

ब्याऐंशी साली उस्मानाबाद जिल्हा फुटला. लातूर नवा जिल्हा झाला. कलेक्टर आले, पाटी आली, खुर्च्या मागून यायच्या होत्या. लातूरकडच्या तालुक्यांचे कागद ट्रकांत भरून आले, आणि ते लावायला जुन्या रेकॉर्डची खडान्‌खडा माहिती असलेला लिंबाजी आला. योगायोग असा की शेषेरावही त्याच कचेरीत होते. निवृत्तीला तीन महिने उरलेले. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात पाच माणसांसमोर ते म्हणाले, "काय लिंबाजी, यंदा पाऊस पाडणार का न्हाई? का पुन्हा झोपणार?"

लिंबाजी म्हणाला, "बगू की, साहेब."

पावसाच्या तक्त्यांचा बस्ता उस्मानाबादला त्याला शोधूनही कधी सापडला नव्हता; तो दुसऱ्याच तालुक्याच्या कपड्यात बांधला गेला होता. लातूरला सगळेच बस्ते सोडावे लागले आणि सतराव्या दिवशी तो हाती आला. एकाहत्तरचा तक्ता, बाहत्तरचा तक्ता. दोन्ही शेषेरावांच्या हातचे. दोन्हींत तेच आकडे, त्याच वारी तेवढाच पाऊस. नकलताना एका जागी सालही जुनंच राहिलं होतं, ते मागून खोडून दुरुस्त केलेलं. लिंबाजी त्या दोन कागदांपुढे पाठ सरळ करून बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसले, कागदांना रीतसर टिपण जोडलं आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

कचेरीत कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव लिंबाजीच्या घरी आले. आजवर ते त्या वस्तीत कधी आले नव्हते. पारूबाईने दिलेलं पाणी त्यांनी गटागटा प्यायलं. "लिंबाजी, भाऊ, असे कागद तुला सापडले म्हनत्यात. गठ्ठ्यात परत घाल. तीन महिने राहिले माझे. काय पायजे ते सांग."

लिंबाजी म्हणाला, "आक्काच्या गावाला चला. पारावर उभं राहून सांगा, पाऊस कोन लिवला ते. मग बगू."

शेषेराव आले. जीव अडकला की माणूस कुठेही येतो. दुपारच्या बसने उतरले, पारावर उभे राहिले. खडी फोडलेली म्हातारी माणसं जमली होती. कोंडाबाईची सिंधु, आता दोन लेकरांची आई, एका कडेला उभी होती. शेषेरावांनी खाली मान घालून सांगितलं, की आकडे मी लिहिले, मागच्या सालचे नकलून. लिंबाजीची वही खरी होती.

"मोट्यानं, साहेब," लिंबाजी म्हणाला. "म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतंय."

शेषेरावांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग घाम पुसत ते वळले. "झालं का समाधान? आता ते कागद तेवढे..."

"कागद?" लिंबाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कागद तर तुमी घरला येण्याआधीच साहेबांच्या टेबलावर गेले. साहेबांनी वाचलेबी. उद्या तुमाला नोटीस मिळंल. खुलासा नीट लिवा. सरकारी कागदावर चेष्टा चालत न्हाई."

शेषेरावांचं तोंड पांढरं पडलं. "मग मला इथं कशाला आणलास?"

"गावाला कळायला. कचेरीत झालं असतं तर हितं कोनाला कळलं असतं?"

एक म्हातारी फिदीफिदी हसली, मग आणखी दोघं हसली. हसणाऱ्या माणसांतून वाट काढत शेषेराव एकटेच सडकेकडे चालायला लागले. लिंबाजीला दया आली नाही. यायला हवी होती असं पारूबाई पुढे म्हणाली, पण ती तिथे नव्हती. त्याला आनंद झाला होता, भरभरून आणि उघडाउघड, आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही. ज्यांनी दहा वर्षं शिव्या दिल्या होत्या ती माणसं आता त्याला बसायला घोंगडी अंथरत होती.

तेवढ्यात सिंधु जवळ आली. तिने मामाच्या पायाला हात लावला आणि तशीच खाली बसून राहिली.

"मामा," ती म्हणाली, "ह्ये आईला कोन सांगायचं?"

शेषेरावांना काय बोलायचं ते लिंबाजीने दहा वर्षं घोकलं होतं, शब्द न् शब्द. हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो घोंगडीवर न बसता तिच्याशेजारी मातीत बसला.