वाढदिवसाची मुंबई

आमच्याकडे मोठ्या माणसांचे वाढदिवस करत नसत. माझी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर होती आणि तिथेच ती सुखाने नांदत होती. त्यामुळे मला छत्तिसावं लागायच्या आदल्या रात्री नवरा जेवता जेवता म्हणाला, "उद्या तुझा वाढदिवस हाय. आपण दोघंच एस्टीने मुंबईला जाऊ," तेव्हा तव्यावरची तांदळाची भाकरी मी चक्क करपवली.

हे अकरा वर्षं सौदीत होते. एसी दुरुस्तीचं काम. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, दोन महिने राहायचे, आणि मुली त्यांना नीट ओळखायला लागल्या की परत जायचे. आठ महिन्यांपूर्वी मात्र ते कायमचे आले. बॅगा माळ्यावर टाकल्या आणि म्हणाले, आता बस्स. शेजारणी मुबारकबाद द्यायला आल्या. मीही सगळ्यांना सांगत सुटले की माझी दुआ कबूल झाली.

आता घरात पुरुषमाणूस म्हटल्यावर थोडं इकडे-तिकडे व्हायचंच. सुकापूरचं आमचं घर मी एकटीने घेतलं होतं. बिल्डरशी भांडणं, फरशी, नळ, मुलींची शाळा, सगळं माझ्या हातचं. मी ब्लाऊज शिवते. दुपारी बाहेरच्या खोलीत बायका मापं द्यायला यायच्या, आणि माप पाच मिनिटांचं तर गप्पा दोन तासांच्या. हे आल्यापासून त्याच खोलीत टीव्हीसमोर बसायचे. बायका दारातून डोकवायच्या, पुरुष दिसला की "नंतर येते" म्हणून जायच्या आणि नंतर काही यायच्या नाहीत. हे बिचारे काही बोलत नसत. फक्त मी उठले की विचारायचे, "कुठं चाललीस?" स्वयंपाकघरात चालले असले तरी विचारायचे. दुरून डोंगर साजरे असं मी हसून बहिणीला म्हणायचे, आणि हसून म्हटल्यामुळे ते खरं नाही अशी माझी समजूत होती.

तर सकाळी मुलींना बहिणीकडे सोडलं आणि आम्ही पनवेल स्टँडवरून बस पकडली. लग्नानंतर असं दोघंच कुठे गेलो नव्हतो. मी ठेवणीतला जांभळा ड्रेस घातला होता. ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. विचारलं तर म्हणाले, पोट ठीक नाय. वाशीच्या पुलावर त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मला खरंच वाटलं, आज जिवाची मुंबई करायची. राणीची बाग, मग बिर्याणी, मग बांगड्या, असा बेत त्यांनी बोटांवर मोजून सांगितला होता.

भायखळ्याला उतरल्यावर बागेकडे जायच्या ऐवजी हे एका गल्लीत वळले. एका जुन्या इमारतीखाली रसवंती होती. मला तिथल्या बाकावर बसवलं, रस सांगितला आणि म्हणाले, "वर एक काम हाय. दहा मिनिटांत येतो."

दहाची चाळीस मिनिटं झाली. शेजारी एक बुरखेवाली बाई बसली होती. तिने आपुलकीने विचारलं, "आमच्यांचं कुवेतचं आहे. तुमच्यांचं कुठलं?"

मी म्हटलं, "काय कुठलं?"

"मेडिकल हो. वर मेडिकललाच गेलेत ना? तिकडे जायचं तर तपासणी करावीच लागते."

मी रसाचा ग्लास तसाच ठेवून जिना चढले. वरच्या खोलीत तीस-चाळीस पुरुष रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात फाईल, पासपोर्ट. त्यात माझा नवरा. शर्टाची बाही वर गुंडाळलेली, कोपरात कापूस दाबलेला. त्यांनी मला पाहिलं आणि पासपोर्ट पाठीमागे लपवला. पंचेचाळिशीचा माणूस, मुलीने चॉकलेट लपवावं तसा.

आठ महिने मी ज्या माणसाच्या परत येण्याची मुबारकबाद घेत होते, तो जाणार होता. मला न सांगता. आणि त्यासाठी माझा वाढदिवस वापरला होता.

रिपोर्ट चार वाजता मिळणार होता. मधला वेळ आम्ही राणीच्या बागेत काढला. काढला म्हणजे कसा, तर हे एका बाकावर आणि मी दुसऱ्या बाकावर. ते आइस्क्रीम घेऊन आले, मी ते त्यांच्यासमोर मातीत टाकलं. इतक्या वर्षांत अन्न मी कधी टाकलं नव्हतं. "तारीख आजचीच मिळाली," ते म्हणाले. "एकटा मुंबईला कशाला चाललोय, काय सांगणार होतो तुला?" मी म्हटलं, "म्हणजे मी बहाणा." मी रडत होते आणि येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, म्हटलं.

रडून झाल्यावर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. मी तो सुरू केला नव्हता, शपथेवर सांगते. पुढच्या महिन्यात हे गेले तर ईदच्या आधी बायका परत यायला लागतील. मशीन खिडकीशी सरकवता येईल. दुपारी पाय पसरून बसता येईल. बुधवारी बहिणीकडे जाता येईल, कुणाला न विचारता. एकेक गोष्ट समोर यायला लागली आणि प्रत्येकीबरोबर छाती थोडी हलकी होत गेली. मला स्वतःची भीती वाटली. समोर तो माणूस मान खाली घालून बसला होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या खुर्चीची जागा रिकामी करत होते.

चार वाजता हे वर गेले. मी जिन्याखाली उभी राहिले. पाच मिनिटांत खाली आले, फाईल काखेत.

"नापास केलं," ते म्हणाले. "छातीत जुना डाग हाय. दोन वर्षांपूर्वी तिकडे तीन महिने खोकत होतो, तेव्हाचा. आता आजार काय नाय, पण तिकडे चालत नाय. आता कधीच घेणार नाय मला." मग ते हसले. माझ्याकडे बघत, समजूत काढल्यासारखे. "चल, तुझंच खरं झालं. आता इथंच."

आणि माझं तोंड उतरलं.

मला ते जाणवलं. गालांवरून काहीतरी खाली घसरावं तसं जाणवलं. मी लगेच सावरायला गेले, "बरं झालं" म्हणाले, "या अल्लाह, बरं झालं," दोनदा म्हणाले. पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्यावरून काढून त्यांनी रस्त्याकडे वळवले. हा माणूस परमुलखात तीन महिने खोकत होता आणि फोनवर मला "खैरियत" सांगत होता, हेही मी तेव्हाच ऐकलं होतं. त्याचं मला काहीच वाटायच्या आधी माझं तोंड उतरलं.

बिर्याणी राहिली. बांगड्या राहिल्या. परतीच्या बसने चेंबूर गाठलं. मग मीच विचारलं, कारण मला रागावायचं होतं, रागावलं की बाकीचं झाकलं जातं. "मला आधी सांगायला काय झालं होतं तुमाला?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ नका म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मी राह्यलो असतो. आणि आपणच थांबवलंय म्हणून तुला जन्मभर खूश दिसावं लागलं असतं." आवाजात राग नव्हता. एसीत काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं सांगत होते. "दारातून बायका परत जातात, ते मला दिसत नाय काय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तसं काही नाही, काय बोलता, वेड लागलंय का, अशी चार वाक्यं तयार होती. एकही बाहेर पडलं नाही. आठ महिने मी जे स्वतःपासून लपवलं होतं, ते ह्यांनी टीव्हीसमोर बसून, एक शब्द न बोलता बघितलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून गुपचूप परत निघाले होते.

बस वाशीच्या पुढे आली. कंडक्टर तिकिटं तपासून गेला. मग हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उद्यापासून दुपारी मी कुठं बसत जाऊ, तेवढं सांग."

मी डोळे मिटून घर समोर आणलं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, बाल्कनी. ती अकरा वर्षं मी त्यांची वाट पाहत एकेक कोपरा भरला होता. आता त्या घरातून मी पुन्हा पुन्हा फिरून येत होते, आणि कळंबोली आली तरी मला त्यांच्यासाठी जागा सापडत नव्हती.