पायाशी काहीच पडलं नाही

नव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आमची शाळा बघायला आलेल्या पहिल्याच साहेबांच्या अंगावर मी टोपलंभर भुसा ओतला. हे झालं आमच्या दाजींपायी. हातात येईल ती वस्तू खाली टाकून बघणारा असा दुसरा माणूस मराठवाड्यात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, चाकूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पत्र आलं की ते वाचायच्या आधी एकदा उघडं आणि एकदा चुरगळून खाली सोडत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी आले. म्हणाले, "वर बघ. तांदूळ आधी पडतो, पाकळी मागं. जमीन दोघांना बी ओढते, पण हवा पाकळीला धरून ठेवते." मी वर बघत राहिलो आणि नवरीनं घातलेला हार माझ्या नाकाला अडकला.

दाजींना शाळेत प्रयोगशाळेची एक खोली हवी होती. जिल्हा लांब होता तेव्हापासून त्यांचे अर्ज चालू होते. लातूर जिल्हा झाला, साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा म्हणाले, "आता खोली घेतल्याबिगर सोडत न्हाई." प्रयोग ठरला उफणणीचा. उंच तिपाईवरून टोपलं रितं करायचं. ज्वारी सरळ पायाशी पडते, भुसा वाऱ्यानं पुढं जातो. पोरं दरवर्षी बघतात, ते का होतं हे दाजी सांगणार होते.

खळ्यावरून टोपलं आणायचं काम माझं. ते हलकं लागलं तेव्हा मला स्वतःच्या दंडांचा अभिमान वाटला. साहेबांना नीट दिसावं म्हणून खुर्चीही मीच मांडली, नेमकी वारा जात होता तिकडं. टोपलं उलटं केलं आणि साहेब दिसेनासे झाले. पायाशी मात्र एक दाणा नाही. त्या वर्षी दुष्काळ होता, कणसं भरलीच नव्हती, हे मी, शेतकऱ्याचा पोरगा, विसरलो होतो.

दाजी हलले नाहीत. उपरण्यानं साहेबांचे खांदे झाडत म्हणाले, "प्रयोग बरोबर झाला, साहेब. जड असतं ते इथं पडतं. औंदा पडायला काही न्हाई, तेवढं लिहून घ्या." साहेबांनी वहीवरचा भुसा झटकला आणि तेवढं लिहून घेतलं. खोली पुढच्या वर्षी झाली.

आता दाजी थकलेत. वस्तू टाकत नाहीत, त्यांच्या हातातून सुटतात. परवा कप सुटला, तर जमिनीला लागेस्तोवर डोळे लावून बसले. मी तुकडे गोळा करत म्हणालो, "दाजी, त्या दिवशी माझ्यापायी तुमची खोली जात होती."

"तुलाच सोडायला पाहिजे होतं तिपाईवरून," दाजी म्हणाले. "भुसा गेला तिकडंच गेला असतास."