आधी हसू दे, मग झोळी

"आधी हसू दे रे त्यांना, मग झोळी काढ," असं म्हणत वहिनी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याला हाताला धरून खाली बसवायच्या. भाषण ऐकलेला माणूस टाळ्या वाजवून घरी जातो, पोट धरून हसलेला खिशात हात घालतो, हा त्यांचा सिद्धांत. आजूबाजूला बघा, खरा आहे की नाही!

मुलुंडला आम्ही शेजारी. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दादा, नकलाकार. तापलेल्या बंबापासून भांडणाऱ्या व्याह्यांपर्यंत कुणाचाही आवाज काढायचे. पण कार्यक्रम ठरवायचा, मंडप घालून घ्यायचा, तिकिटं गळ्यात मारायची, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना हात देऊन नीट बसवायचं, हे सगळं वहिनींचं. आज त्यांना निर्माती म्हणाले असते. तेव्हा, सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला, आम्ही 'दादांची बायको' म्हणायचो. आमची अक्कल तेवढीच. मी दिवसा कचेरीत खर्डेघाशी करायचो आणि संध्याकाळी त्यांचा पडदा ओढायचो.

एका उन्हाळ्यात त्यांनी रेल्वेफाटकापलीकडच्या वस्तीत दवाखाना बांधायचा घाट घातला. तापानं फणफणलेलं मूल खांद्यावर टाकून तिथल्या बायका ठाण्यापर्यंत जायच्या. घाटकोपरच्या एक डॉक्टरीणबाई यायला तयार होत्या. भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. पावसाआधी पत्रे चढले नाहीत, तर त्या कच्च्या भिंतींचा चिखल होणार. म्हणून दादांच्या नकलांचा खेळ लावला.

खेळाच्या दिवशी घशाला विश्रांती म्हणून वहिनींनी दादांना मौन पाळायला लावलं. दादांनी ते इमानेइतबारे पाळलं. फक्त दुपारभर परसात बसून तिखटमीठ लावून कैऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी तोंडाला रंग लावून झाला, तोंड उघडलं, तर नुसती हवा! वहिनी बघतच राहिल्या. दादा खुणांनी सांगायला लागले, की तू मौन पाळ म्हणालीस, कैरीचं कुठे बोलली होतीस? मला हसू फुटलं, पण वहिनींचा चेहरा बघून ते गिळलं.

बाहेर मंडप भरलेला, शिट्ट्या चालू. मी म्हटलं, वाट लागली, लोकांचे पैसे परत करू या.

"मग भिंती कशानं झाकू?" वहिनी म्हणाल्या. "पडदा ओढ."

आणि स्वतःच गेल्या. जन्मात कधी स्टेजवर पाऊल न टाकलेली बाई. नमस्कार करून म्हणाल्या, "यांचा घसा बसलाय. कशानं बसला ते सांगते."

मग त्यांनी दादांचीच नक्कल केली. चोरून कैरी खाणारे दादा, चष्मा डोळ्यावर असताना घरभर चष्मा शोधणारे दादा, चहा गार झाला म्हणून रुसणारे आणि रुसलोय हे कुणाच्या लक्षात येईना म्हणून खोकणारे दादा. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. दादा आधी कपाळाला हात लावून उभे होते, नंतर डोळे पुसून पुसून हसत होते. मी झोळी घेऊन निघालो, तर लोक वाटच बघत होते. पावसाआधी पत्रे चढले.

पुढे पुष्कळांनी गळ घातली, पण वहिनी पुन्हा स्टेजवर गेल्या नाहीत. नवऱ्याची अब्रू माणसानं किती वेळा काढायची, असं म्हणून विषय संपवायच्या. फार भली बाई. मला फार आवडायच्या, हे त्या असताना सांगायचं राहूनच गेलं.

त्या गेल्यावर दवाखान्याच्या अंगणात आम्ही सगळे जमलो. वस्तीतली एक बाई दादांना म्हणाली, "त्यांनी तुमची केली होती. आता तुम्ही त्यांची करा."

मला तिचा रागच आला. पण दादा उठले. नसलेला पदर त्यांनी कमरेला खोचला. आता आवाज काढतील म्हणून आम्ही कान टवकारले, तर ते खुर्च्यांच्या रांगांमधून मागे चालत गेले. तिथे एक म्हातारी उन्हात बसली होती. तिला हात देऊन उठवलं, खुर्ची सावलीत ओढली आणि तिला पुन्हा नीट बसवलं.

हुबेहूब वहिनी. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. दादा परत पुढे आले नाहीत. त्या म्हातारीच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसून राहिले.