राजूरहून मागणी आली नाही

जालन्याच्या एका शिक्षणसंस्थेत काही वर्षं मी एकटाच एका खोलीत बसून खेड्यांतल्या शाळांना धडे पाठवत होतो. व्हिडिओचा धडा एकदाच सोडायचा. तो तुकड्यातुकड्यांनी एकाच वेळी सगळ्या शाळांच्या कॉम्प्युटरवर जायचा. ज्याचा एखादा तुकडा वाटेत हरवेल, त्या कॉम्प्युटरने तेवढाच परत मागायचा. कुणी काही मागितलं नाही, की धडा सगळीकडे पोचला असं धरायचं. ही व्यवस्था मीच बसवली होती.

राजूरच्या शाळेची लाइन खराब. तिथून रोज मागण्या यायच्या आणि मागोमाग तिथल्या गुरुजींचा फोन. "सर, गणित अर्ध्यात अटकलं बघा. पोरं बसून राह्यलीत." तुकडे पुन्हा जाईपर्यंत ते बोलत राहायचे. मोसंबीचा भाव, ऊन, जेवलात का. जालन्यात माझं कुणी नव्हतं. दिवसाकाठी माझं बोलणं व्हायचं ते एवढंच.

एका सोमवारी राजूरहून मागणी आली नाही. मंगळवारीही नाही. मला वाटलं, लाइन सुधारली. फोन करावासा वाटला, पण कारण काय सांगणार? आठवडा तसाच गेला. शनिवारी मी बस धरली.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "गुरुजी गाडीवरून पडले ना. चावी त्यांच्यापाशीच हाय."

घरी ते खाटेवर होते, पायाला प्लास्टर. "अरे सर! मला वाटलं, हिथं बंद हाय हे तुम्हाला तिकडं कळत असंल."

"नाही कळलं. मी समजलो, सगळं बरोबर चाललंय."

"चार दिवस फोनची वाट बघितली. मंग म्हणलं, कामात असतील."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या सुनेने चहा आणला, तो मी खाली मान घालून प्यायलो.

सोमवारी मी व्यवस्था बदलली. धडा मिळाला, की प्रत्येक कॉम्प्युटरने तसं कळवायचंच. जो कळवणार नाही त्याच्या शाळेचं नाव माझ्या पडद्यावर लाल राहायचं. राजूरचे बुडालेले धडे पुन्हा पाठवले.

गुरुजी शाळेत परतले नाहीत. पाय नीट जुळला नाही, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाई हुशार होत्या. त्यांना माझी गरज पडत नसे. साडेअकरापर्यंत सगळी नावं हिरवी व्हायची, आणि मी खिडकी उघडून उगाच रस्त्याकडे बघत बसायचो.