माझ्या नावावरचा बाईचा फोटो

माझा तरुणपणीचा म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला फोटो माझा नाही.

तो माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. सुमनचा. आम्ही तिला बाई म्हणायचो. आज तिची पुण्यतिथी. गेली तेव्हा तिनं तिशीही गाठली नव्हती.

हे आज लिहायला कारण झाला लॅपटॉप.

निखिल, माझा मुलगा, दिवाळीत पुण्याहून आला. एकोडीचे माहेरचे आणि आमचे भंडाऱ्याचे सगळे जुने अल्बम त्यानं स्कॅन केले, आणि फोटो लावायचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"आई, ते चेहरे आपोआप ओळखतं. तू फक्त नावं टाक. तेवढाच तुझा वेळ जाईल."

वेळ जाईल म्हणे. निखिलचे बाबा गेल्यापासून या घरात दुसरं आहे काय?

तर रोज दुपारी बसते. ते एकेक तोंड गोल कापून दाखवतं आणि विचारतं, ही व्यक्ती कोण?

मी टाईप करते. बाबा. आई. काकू. निखिलचे बाबा.

सगळे गेलेले. एखाद्याचं नाव आठवलं नाही तर फोन करून विचारावं असंही कोणी उरलं नाही.

मग तो फोटो आला. तो माझ्याच नावाखाली जाऊन बसला होता, आणि वर विचारत होता, ही एकच व्यक्ती आहे का?

मी 'नाही' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. हट्टी मेलं. अगदी आमच्या बाबांवर गेलं आहे.

कारण ही सगळी करणी बाबांचीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाईसाठी स्थळं पाहणं सुरू झालं, तेव्हा बाबांनी तिला सायकलवर डबलसीट साकोलीला स्टुडिओत नेलं. अंगावर काकूची नायलॉनची साडी, बाजूला प्लास्टिकची फुलं. फोटो असा फक्कड आला की बाईचं सानगडीला लगेच जमलं.

मग माझा नंबर लागला. मी म्हटलं, "बाबा, माझा फोटो?"

"कायले? दोघीचं तोंड एकच हाये. तोच पाठवून देतो."

"अहो, पण तिच्या हनुवटीवर गोंदण आहे ना!" गोंदणारीण आली तेव्हा बाई गुमान बसली होती. मी रडत गोठ्यात पळाले होते.

"फोटोवर डाग पडला म्हणून सांगून देऊ."

नुसत्या फोटोवर माझं भंडाऱ्याला जमलं, आणि या माणसानं खरंच तसं सांगितलं. भर मांडवात सासूबाईंनी माझी हनुवटी धरली. "गोंदण कुठं गेलं वं पोरीचं?"

बाबा ढिम्म. "डाग होता जी तो फोटोवर. साकोलीवाला असंच काम करते."

मागे बाई तोंडात पदर कोंबून हसत होती.

निखिलच्या बाबांना मी पुढे सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "राहू दे. मी मांडवात तर तुलेच पाहिलं." फोटोला त्यांनी आधीच फ्रेम केली होती, ती भिंतीवरच राहिली. पोरं त्याला आईचा फोटो म्हणतच मोठी झाली.

एकदा पोळ्याला आम्ही दोघी माहेरी होतो. मी म्हटलं, "बाई, तुझा फोटो घेऊन जा ना."

"राहू दे वं तुयाजवळ. मी काय मरून राहिली का? दुसरा काढीन."

नाही काढला. पुढच्या पावसाळ्यात ताप आला. भंडाऱ्याला आणेपर्यंत उशीर झाला होता.

सानगडीच्या घरी दुसरी आली. बाईचं तिथे काहीच राहिलं नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत तिची मान खाली आहे, मुंडावळ्या आहेत, पदर आहे. माझ्या लग्नातल्या ग्रुपमध्ये ती नेमकी हलली. त्यात सॉफ्टवेअरला तोंडच सापडत नाही.

म्हणजे बाईचा चेहरा दिसेल असा सगळ्या जगात एक फोटो, आणि तो माझ्या नावावर. मी गेले की तो कायमचा माझाच झाला असता. बाई नावाचं कोणी होतं, हेच पुसलं गेलं असतं. मला त्याची फार भीती वाटली, खरं सांगते.

आज सकाळी नवीन नाव टाईप केलं. सुमन.

फोटो माझ्या ढिगातून निघून तिच्याकडे गेला. तिथे तो एकटाच आहे. आणि माझा ढीग आता माझ्या लग्नापासून सुरू होतो.

थोड्या वेळानं निखिलचा फोन. त्यालाही तिकडे सगळं दिसतं.

"आई, तुझा तो फोटो कोणाच्या नावानं टाकलास? सुमन कोण?"

"तुझी मोठी मावशी. फोटो तिचाच आहे रे."

तो हळूच म्हणाला, "मावशी अशी दिसायची?"

"हो."

"आणि तू? लग्नाआधी तू कशी दिसायचीस?"

"अशीच."

म्हटलं खरं. पण हो, अशीच दिसायची, असं म्हणणारं आता माझ्याकडे कोणी नाही.

बाई, तुझा फोटो आज तुझ्या नावावर केला गं.

तुझ्या धाकटीचा तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.