पडद्याच्या आतलं माणूस

बायकोला लकवा झाला तेव्हा मला नोकरीतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. पंचायत समितीत कारकुनी केली. पांढरकवड्याच्या जुन्या वस्तीत आमचं तीन खोल्यांचं घर आहे. एकुलती एक लेक लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

तिचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालं. उजवी पापणी पुरती मिटेना. झोपली तरी खालून पांढरी रेघ दिसायची. आणि बोलणं गेलं. जिच्याशिवाय गल्लीतलं एकही लग्न जमत नव्हतं, तिच्याजवळ एकच शब्द उरला. "हाव." चहा पाहिजे काय? हाव. नको काय? हाव. पंखा लावू? हाव. बंद करू? हाव. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, पण पाहिजे तो शब्द सापडत नाही. डाव्या हाताजवळ मी एक वाटी आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की ती वाटी वाजवायची, आणि मग मी एकेक वस्तू तिच्यासमोर धरून चेहऱ्यावरून ओळखायचो.

व्यायाम शिकवायला एक जण यायचे. चार महिन्यांनी ते म्हणाले, "आता डाव्या हाताला धरायला आधार पाहिजे. पलंगापासून न्हाणीपर्यंत. मग या उठतील." मी बाजारातून तयार दांडे आणले, भिंतीत बसवले. आमच्या भिंती जुन्या मातीच्या. तिने अंगाचा भार टाकला आणि दांडा खिळ्यांसकट हातात आला. मी पाठीमागे होतो म्हणून ती पडली नाही. पण त्यानंतर आठवडाभर तिने उभं राहायला नकार दिला. मग मी ठरवलं, भिंतीचा भरवसा नको. फरशीत लोखंडी खांब रोवायचे आणि त्यावर पाइप जोडायचा. गावातल्या दोन-तीन दुकानांत गेलो. एवढ्याशा कामाला घरी यायला कोणाला सवड नव्हती. "पाहू, दिवाळी होऊ द्या," एवढंच.

बसस्टँडमागे एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. आमच्या घराच्या फाटकाचं काम त्यांचंच. आता गुडघे गेले होते, बाहेरची कामं त्यांनी सोडली होती. मी अडचण सांगितली. ते म्हणाले, "मी तं येऊ शकत नाही बाबूजी. पण तुम्ही शिकून घ्या ना. आजकाल छोटी मशीन येते. खांद्याला लटकवता येते."

तर साठीच्या माणसाने वेल्डिंग शिकायला घेतलं. पंधरा दिवस रोज सकाळी दोन तास मी त्यांच्या दुकानात बसलो. टाकाऊ पट्ट्या जोडायच्या आणि तोडायच्या. पहिले तीन दिवस वेल्डिंगचा रॉड लोखंडाला नुसता चिकटायचा. चाचा हसायचे नाहीत. शिकवण्याआधी त्यांनी सांभाळायचं काय ते सांगितलं. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टेरिकॉट नको, ठिणगीनं ते कातडीला चिकटते. हातात कोरडे चामड्याचे मोजे. पायात बूट, चप्पल नाही. घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या, घरातल्या साध्या प्लगला मशीन लावू नका. पायाखाली कोरडी फळी पाहिजे, जमीन ओली असली तर कामच करायचं नाही. बाजूला रेतीची बादली. "आणि पांढरा जीआय पाइप, जस्त चढवलेला, घेऊ नका," ते म्हणाले, "त्याच्या धुरानं ताप चढते. काळाच घ्या. अन् खिडक्या उघड्या ठेवा."

डोळ्यांचं त्यांनी सगळ्यात जास्त सांगितलं. "करंट लागला तं माणसाले त्याच घडीला समजते. उजेड लागला तं समजत नाही. संध्याकाळी समजते." तोंडासमोर काळ्या काचेचा मुखवटा आलाच पाहिजे. आणि आजूबाजूच्या लोकांसाठी पडदा. "रस्त्यावरचे लेकरं उभे राहून पाहतात. त्याहिले कोण सांगन?"

एकदा माझ्याकडून चूक झाली. मुखवटा खाली ओढायच्या आधीच रॉड टेकला, तोही तीन-चार वेळा. दुपारी काही वाटलं नाही. दिवे लागायच्या सुमारास डोळ्यांत कोणी रेती आणि तिखट कालवून टाकल्यासारखं झालं. सकाळी तसाच चाचांकडे गेलो. त्यांनी गल्ल्यातून एक बारीक बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. क्षणात दुखणं गेलं. मी म्हणालो, "चाचा, ही बाटली मलाही सांगून ठेवा." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "एकच बार. हे दुखणं मारते बाबूजी, जखम नाही मारत. दुसऱ्यांदा मागू नका." दुसऱ्या दिवशी माझे डोळे आपोआप बरे झाले.

मग मशीन आणली. खांब रोवले, फरशी बसवणाऱ्याने ते सिमेंटात पक्के केले. न्हाणी दोन दिवस वापरली नाही, कोरडी होऊ दिली. विजेच्या जाणकाराला बोलावून अर्थिंग पाहून घेतलं. पुढच्या दाराला जाड सतरंजी बांधली, खिडकीला पोतं लावलं, नुसती वरची फट हवेला ठेवली. शेजारच्या वहिनींना सांगितलं, लेकरं इकडे येऊ देऊ नका. कारकुनाची सवय, सगळ्याची यादी केली आणि एकेकावर खूण केली.

तिला एकटं ठेवलं की ती घाबरायची. म्हणून तिची चाकाची खुर्ची मी न्हाणीकडे जाणाऱ्या बोळीच्या तोंडाशी आणून ठेवली. माझ्यापासून आठ-नऊ फुटांवर. ठिणग्या तिथपर्यंत जाणार नव्हत्या, ते मी आधी पाहून घेतलं होतं.

सकाळी नऊला काम सुरू केलं. थोड्या वेळाने वाटी वाजली. मी मुखवटा वर केला, पाणी दिलं. ती प्यायली. पुन्हा काम. पुन्हा वाटी. या वेळी ती जोरात वाजवत होती.

"काय झालं? पाणी पाहिजे?"

"हाव."

पाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं.

"मंग काय? काम पाह्यतं काय?"

"हाव."

मला बरं वाटलं. खूप दिवसांनी ती कशाकडे तरी रस घेऊन पाहते आहे असं वाटलं. मी उठलो आणि तिची खुर्ची थोडी सरळ केली, तिला नीट दिसावं म्हणून.

हे मी माझ्या हाताने केलं. त्यानंतर दीड तास मी काम केलं. वाटी पुन्हा वाजली नाही.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता. लेक म्हणाली, "बाबा, आई काहून रडून राह्यली?" मी म्हणालो, "आज दांडा लावला ना. तिले वाटत असन, आता याच्याशिवाय आपलं काही खरं नाही." आम्ही दोघंही गहिवरलो. मी तिचे डोळे पुसले, कपाळावरून हात फिरवला. ती मान झटकत होती. मी म्हणालो, "रडून घे. बरं वाटन."

सकाळी पापण्या सुजलेल्या, डोळे लाल. डावा हात सारखा डोळ्याकडे जात होता. तो हात मी धरला, आणि मला माझी ती संध्याकाळ आठवली. मी दाराकडे पाहिलं. सतरंजी तशीच बांधलेली होती. गल्लीतल्या एकाही लेकराच्या डोळ्यांना मी काही होऊ दिलं नव्हतं.

डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं. पण तिला घराबाहेर काढायचं म्हणजे दोन माणसं उचलायला आणि वर गाडी. मागच्या वेळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर चारचौघांत तिचं लुगडं ओलं झालं होतं, त्यानंतर ती दोन दिवस जेवली नव्हती. आणि माझे डोळे तर एका दिवसात बरे झाले होते. चाचांकडे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो? मी एका औषधाच्या दुकानात गेलो, वेल्डिंगचं सांगितलं आणि सुन्न करणारे थेंब मागितले. दुकानदाराने काही न विचारता बाटली दिली.

पहिला थेंब टाकला आणि ती शांत झाली. सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याने मी फसलो. दीड-दोन तासांनी पुन्हा वाटी, पुन्हा थेंब. चाचांचे शब्द मला आठवत नव्हते असं नाही. आठवत होते. पण ती विव्हळत होती आणि माझ्या हातात बाटली होती. उद्या कमी होईल, उद्या कमी होईल, करत पाच दिवस गेले. दुखत नसलं की ती डाव्या हाताने उजवा डोळा खसाखसा चोळायची, आणि तिला काही कळायचं नाही. "दुखते काय?" "हाव." "कमी हाय ना आता?" "हाव."

सहाव्या दिवशी उजेडात बघितलं तर उजव्या बुबुळावर राखेसारखा डाग दिसला.

लेक नागपूरहून गाडी घेऊन आली. आम्ही तिला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली. "किती दिवस घातले?"

"पाच."

"दिवसातून किती वेळा?"

मी सांगितलं. त्यांनी बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हा थेंब आम्ही तपासताना एकदा टाकतो. घरी देत नाही. याने जखम भरत नाही, उलट बुबुळ खराब होतं. वेल्डिंगचं लागलेलं दोन दिवसांत बरं झालं असतं. त्यांची पापणी मिटत नव्हती, त्यात हे." लेक माझ्याकडे पाहत होती. तिला वेल्डिंगचं तेव्हाच कळलं. मी फोनवर सांगितलंच नव्हतं. आईचे डोळे आले आहेत, एवढंच सांगितलं होतं.

महिना-दीड महिना औषधं चालली. उजवा डोळा पांढरा झाला, त्याने आता दिसत नाही. डाव्यावर धूसर पडदा राहिला. माणूस आहे एवढं समजतं, कोण ते समजत नाही.

एक दिवस मी चाचांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी म्हणालो, "तुम्ही पडदा सांगितला होता. मी लावला. ती आतच होती चाचा."

ते म्हणाले, "मी बाहेरच्यांचंच सांगितलं. घरात कोण हाय, हे विचारलंच नाही. पन्नास साल हे काम केलं, अन् विचारलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑटो करून आमच्या घरी आले. दांड्याचे शेवटचे दोन जोड त्या दिवशी राहिले होते. मी तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि तिच्याजवळ बसून राहिलो. चाचांनी फरशीवर बसून दोन्ही जोड केले, घासून गुळगुळीत केले. जाताना तिच्यासमोर उभे राहिले. "बहेन, मजबूत केलं आहे. धरून पाहा." ती आवाजाच्या दिशेने पाहत राहिली.

तिने तो दांडा धरला, पण उभी राहिली नाही. व्यायामवाले आले, समजावून थकले. पाऊल कुठे पडणार ते दिसत नव्हतं, आणि माझ्या हातावर ती आता भार टाकत नव्हती. हे मी मनाने घेतलं असेल, असं लेक म्हणते. असेलही. पण लेकीने उचललं की ती अंग सैल सोडायची. मी उचललं की ताठ व्हायची.

उन्हाळा संपता संपता लेक म्हणाली, "बाबा, मी नेतो तिले नागपूरले." मी नाही म्हणालो नाही. तिचे कपडे मीच भरले. वाटी-चमचा मात्र लेकीने घेतला नाही. तिच्याकडे घंटी होती, बटण दाबायची.

दर रविवारी मी पहिल्या बसने नागपूरला जातो. तिच्याजवळ बसतो, पाय चोळून देतो. एकदा लेक भाजी आणायला खाली गेली होती. मी तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हणालो, "तुझे डोळे मी घालवले. तू वाटी वाजवत होतीस ते काम पाहाले नव्हतं. उजेड लागून राह्यला, हे सांगत होतीस ना?"

"हाव," ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "की पाहाचं होतं तुले?"

"हाव."

तिचा चेहरा वाचता येत होता मला एके काळी. आता त्या चेहऱ्यावर डोळे नाहीत, म्हणजे आहेत, पण पाहत नाहीत, आणि मला काही समजत नाही. लेक वर आली. मी हात सोडला.

मशीन चाचांच्या दुकानात देऊन आलो. घरात एकटा असतो. न्हाणीत जाताना तो दांडा मी धरत नाही, पलीकडच्या भिंतीच्या बाजूने जातो. दिवेलागणीला लेकीचा फोन येतो. मी विचारतो, आज काय खाल्लं तिनं. लेक सांगते, वरण-भात, थोडं ताक. झोप लागली काय दुपारी? लागली. मग ती फोन ठेवते.